बर्लिनला नोकरी ठरली आहे: घर, नोंदणी आणि पैशांचा गुंता कुठून सोडवायला घ्यावा?

दूरदेशी

नमस्कार मंडळी. बर्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे. पगार वर्षाला ६२,००० युरो (कर कापण्याआधी), करार कायमस्वरूपी, पहिले सहा महिने प्रोबेशन. रुजू व्हायचं १ तारखेला. पासपोर्ट भारतीय. आधी मी एकटाच जाणार, बायको आणि चार वर्षांची मुलगी नंतर येतील.

जितकं वाचतो तितकं डोकं फिरतंय. घरमालक म्हणे शूफाचा, म्हणजे पैसे वेळेवर फेडण्याच्या पतीचा, दाखला मागतो. शूफाला तिथलं बँक खातं लागतं, खात्याला पत्त्याची नोंदणी लागते आणि नोंदणीला घर लागतं. मग सुरुवात करायची तरी कुठून?

बाकी प्रश्न असे: ६२,००० मधले हातात किती पडतात? सुरुवातीला किती पैसे सोबत लागतात? पदवीच्या आणि लग्नाच्या कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र) करून घेऊ का? आणि मुलीच्या बालवाडीचं काय? "सगळं होईल हो" असा धीर नको, नेमकं सांगा.

---

कागदोपत्री

गुंता दिसतो तेवढा गोल नाही, त्याला एक टोक आहे. ते म्हणजे आनमेल्डुंग, अर्थात पत्त्याची नोंदणी. तिला ना शूफा लागतो, ना बँक खातं. तुमचा पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याची सही असलेला वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग नावाचा एकपानी कागद, एवढ्यावर काम होतं. बर्लिनमध्ये पहिल्या नोंदणीला फीसुद्धा नाही.

लोक अडकतात ते त्या एकपानी कागदावर. भाडेकरार दाखवला तरी ब्युर्गरआम्टमधला (नागरी कार्यालयातला) माणूस तो बाजूला सारतो. करार म्हणजे तुम्ही भाडं देणार याचा पुरावा. अमुक तारखेला तुम्ही प्रत्यक्ष राहायला आलात हे घर देणाऱ्यानेच लिहून द्यावं लागतं. म्हणून पहिलं घर बघताना खोली केवढी, स्टेशन किती लांब, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न "इथे आनमेल्डुंग होईल का?" आणि उत्तर लेखी. सुट्टीतल्या पाहुण्यांना दिलेल्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा नाही म्हणतात. पोटभाडेकरू ठेवणाऱ्यानेही मूळ मालकाची परवानगी घेतली नसेल तर तो हा कागद देत नाही, कारण मग त्याचंच बिंग फुटतं.

त्यामुळे माझं मत: पहिले तीन महिने फर्निश्ड फ्लॅट, नोंदणीची परवानगी असलेला. महाग पडतो. वुंडरफ्लॅट्ससारख्या साइटवर शहराच्या आतल्या भागात एका बेडरूमचं घर १३०० ते १८०० युरोंना जातं. पण हे मालक परदेशातून येणाऱ्यांना सरावलेले असतात. शूफाऐवजी नोकरीचा करार बघून घर देतात आणि नोंदणीचा कागद किल्लीसोबत हातात ठेवतात. स्वस्तातली खोली घेऊन नोंदणी दोन महिने लांबली, तर वाचवलेले पैसे करापोटी अडकून बसतात. ते कसं, हे कोणी हिशेबातला माणूस सांगेलच.

अपॉइंटमेंट: नियमाप्रमाणे राहायला आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी व्हायला हवी. शहराच्या संकेतस्थळावर तारीख शोधताना फक्त जवळचं कार्यालय निवडून बसू नका. बर्लिनचे १२ जिल्हे आहेत आणि कुठल्याही जिल्ह्यातलं ब्युर्गरआम्ट चालतं. संपूर्ण शहर निवडा आणि सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास पान ताजं करत राहा. रद्द झालेल्या वेळा दिवसभर मधूनमधून उगवतात आणि मिनिटाभरात जातात. ११५ या क्रमांकावर फोन करूनही तारीख मिळते. चौदा दिवसांच्या आतली तारीख मिळालीच नाही तर मिळालेल्या तारखेची पावती जपून ठेवा, तुम्ही प्रयत्न केल्याचा तो पुरावा. ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आहे, पण परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्याला प्रत्यक्षच जावं लागतं.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो गंमत म्हणून भरू नका. कॅथलिक किंवा एव्हांगेलिश (प्रोटेस्टंट) लिहिलंत तर बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. त्या चर्चचे सदस्य नसाल तर तिथे "काहीही नाही" एवढंच.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यामुळे सगळं अडतं. बर्लिनच्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि इथे करक्रमांकापासून बँकेच्या पिनपर्यंत सारं पत्रानेच येतं. किल्ली मिळाली त्या संध्याकाळीच कागदाची पट्टी कापून पासपोर्टवरचं आडनाव लिहा आणि पेटीवर व खालच्या बेलवर चिकटपट्टीने लावा. पोटभाड्याने राहत असाल तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं नाव "सी/ओ" करून घाला. घर मागच्या अंगणातल्या इमारतीत असेल तर पत्त्यात "हिंटरहाउस" असंही लिहा, एकाच घरक्रमांकाला पुढची-मागची मिळून दोन-तीन इमारती असतात.

---

आळशी_मुंगी

वरच्याला +१. अपोस्टिल मात्र इथूनच सगळ्या कागदांवर करून न्या. एजंटाला दिलं की पंधरा दिवसांत होतं, तिकडे गेल्यावर पळापळ नको.

---

चौकसबाई

@आळशी_मुंगी, थांबा. जर्मनीच्या बाबतीत हा सल्ला चालत नाही, आणि यात लोकांचे पैसे फुकट जातात. भारत अपोस्टिलच्या हेग करारात आहे हे खरं, पण भारताच्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे या दोन देशांत तो करार लागूच होत नाही. अपोस्टिलचं स्टिकर लावलेला भारतीय कागद जर्मन कार्यालयाच्या लेखी बिनस्टिकरच्या कागदासारखाच. भारतातल्या जर्मन वकिलातींनी कागद प्रमाणित करून देणंही बंद ठेवलेलं आहे. एखाद्या कार्यालयाला शंका आली तर ते वकिलातीमार्फत स्वतः पडताळणी करून घेतं आणि त्याचा खर्च अर्जदाराकडून वसूल होतो. तुम्ही आधीच काही "करून ठेवण्या"सारखं त्यात नाही.

मग न्यायचं काय? लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला मूळ प्रतीत, नोंदणी कार्यालयाने दिलेले, इंग्रजी मजकूर असलेले. जर्मन भाषांतर लागलं तर ते जर्मन कोर्टात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं. स्कॅन पाठवला की तो शिक्का मारून पोस्टाने पाठवतो. भारतातल्या कुठल्याही भाषांतरकाराचं नोटरी केलेलं भाषांतर परत येण्याची शक्यता जास्त.

नावांकडे जरा जास्तच बारकाईने बघा, आपल्याकडच्या कागदांत खरी मेख तिथेच असते. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, जन्मदाखल्यावर आईचं नुसतंच पहिलं नाव, असे तीन प्रकार एकाच घरात सापडतात. जर्मन कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टमध्ये जोडीदाराचं नाव घालून घेतलेलं असेल तर बरंच सोपं जातं. तफावत असलीच तर ती जाण्याआधी इथेच दुरुस्त करा, तिकडे जाऊन हे काम कित्येक पटींनी अवघड होतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टच्या "गिव्हन नेम"मध्ये असेल तर जर्मनीत ते तुमच्या पहिल्या नावाचाच भाग धरलं जातं. बँक, विमा, पगारपत्रक, सगळीकडे अगदी तसंच लिहा. एके ठिकाणी गाळलं आणि दुसरीकडे ठेवलं, की ओळख पटवण्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये अडकता.

पदवीसाठी आनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे. त्यात कॉलेज शोधू नका, पदवी देणारं विद्यापीठ शोधा. विद्यापीठापुढे "एच प्लस" (मान्यताप्राप्त) हवं आणि पदवीपुढे "एंट्श्प्रिख्ट" किंवा "ग्लाइखवेर्टिग" (दोन्हींचा अर्थ जर्मन पदवीच्या तोडीची) हवं. दोन्ही पानांच्या प्रिंट व्हिसाच्या अर्जाला जोडायच्या. "बेडिंग्ट फरग्लाइखबार" (काही अंशीच तुलनीय) दिसलं, किंवा तुमची पदवी यादीतच नसली, तर त्साब या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. फी २०८ युरो, आणि वेळही लागतो, म्हणून हे आजच तपासा. संगणक क्षेत्रात पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव दाखवून ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) मिळू शकतं.

पगाराची अट तुम्ही सहज ओलांडता. २०२६ साठी ब्लू कार्डची सर्वसाधारण मर्यादा ५०,७०० युरो आहे. संगणकासारख्या माणसं कमी असलेल्या क्षेत्रांना ती ४५,९३४.२० युरो. व्हिसाची फी मोठ्यांना ७५, मुलांना ३७.५० युरो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए-वन (सगळ्यांत प्राथमिक पातळीची) परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यापासून नोकरीची मुभा असते. त्यामुळे "बायकोने आधी जर्मन शिकावं लागतं" असं कोणी सांगितलं तर ते दुसऱ्या प्रकारच्या व्हिसाचं आहे. तरी शिकाच, पण परीक्षेच्या धास्तीने अर्ज लांबवू नका.

---

पै_पैचा_हिशेब

पैशांचं माझ्याकडे.

महिन्याचा एकूण पगार ५,१६७ युरोंच्या आसपास येतो. त्यातून सामाजिक विमे जातात: पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३, आरोग्यविमा ७.३ आणि त्यावर तुमच्या क्रांकनकासेच्या (आरोग्यविमा संस्थेच्या) जादा हप्त्याचा अर्धा भाग, शिवाय शुश्रूषा विमा. एक मूल असलेल्याला हे सगळं मिळून २१ टक्क्यांच्या थोडं वर पडतं. मग आयकर. पगारातून किती कर कापायचा ते कौटुंबिक स्थितीवरच्या करवर्गावर ठरतं. करवर्ग एक असेल तर हातात सव्वातीन हजारांच्या आसपास. बायको-मुलगी आल्यावर, बायको कमावत नसेल आणि तुम्ही करवर्ग तीन घेतलात, तर छत्तीसशेच्या आसपास.

इथे दोन गोष्टी लोकांना उशिरा कळतात. जोडीदार भारतात असेपर्यंत विवाहित असूनही करवर्ग एकच. ती बर्लिनला येऊन तिची आनमेल्डुंग झाली की दोघं आपोआप चौथ्या वर्गात जाता. आपोआप तिसऱ्यात कोणी टाकत नाही, त्यासाठी फिनान्सआम्टला (कर कार्यालयाला) अर्ज करावा लागतो आणि बदल पुढच्या महिन्यापासून लागू होतो. तीन-पाच ही जोडी घेतली की दरवर्षी विवरणपत्र भरणं सक्तीचं. दुसरी गोष्ट: त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या आत ती राहायला आली, अगदी डिसेंबरात आली तरी, संपूर्ण वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं आणि कापलेल्या करातला बराच भाग परत मिळतो. (तिचं त्या वर्षातलं भारतातलं उत्पन्न कराचा दर ठरवताना धरतात, ते लपवू नका.) म्हणजे डिसेंबर की जानेवारी असा प्रश्न असेल तर विमानाचं तिकीट डिसेंबरचं काढा, थोडं महाग असलं तरी.

वर कागदोपत्रींनी अर्धं सोडलेलं वाक्य पुरं करतो. आनमेल्डुंगनंतर दोन-चार आठवड्यांत करक्रमांक, म्हणजे श्टॉयर-आयडी, पत्राने येतो. तो नसेल तर कंपनी जास्तीत जास्त तीन महिने अंदाजाने योग्य वर्गात कर कापू शकते. नंतर सहावा वर्ग, सगळ्यांत जास्त कपातीचा. पैसे पुढे परत मिळतात, पण नेमके त्या महिन्यांत अनामत आणि फर्निचरसाठी हात तंग असतो.

सोबत किती न्यायचे? फर्निश्ड घर १,५०० चं धरा. पहिलं भाडं १,५००, अनामत दोन भाड्यांची धरली तर ३,०००, महिन्याचं खाणंपिणं, फोन, किरकोळ मिळून हजारभर. पगार महिनाअखेरीस येतो. तुम्ही १ तारखेला रुजू होताय हे चांगलं आहे. पंधरवड्यानंतर रुजू होणाऱ्याचा पहिला पगार बऱ्याचदा पुढच्या महिनाअखेरीला एकदम येतो, तेव्हा कंपनीला हिशेबाची शेवटची तारीख विचारून ठेवा. एकंदर ७ ते ८ हजार युरो हाताशी असले तर झोप लागते. सगळे रोख नेऊ नका. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर युरोपीय संघात शिरताना लेखी जाहीर करावी लागते.

खात्यासाठी एन२६ सारखी बँक पासपोर्टवर मोबाइलवरूनच खातं उघडते. शाखा असलेल्या बँका बहुधा नोंदणीचा कागद मागतात. पहिलं खातं मोबाइलवर उघडा आणि तोच आयबॅन (खातेक्रमांक) कंपनीला द्या.

आरोग्यविम्यात सरकारी की खाजगी हा प्रश्न तुम्हाला नाहीच. २०२६ मध्ये ७७,४०० युरोंच्या आत पगार असलेला नोकरदार सरकारी व्यवस्थेतच राहतो. टेखनिकर, बार्मर, आओके यांपैकी कुठलीही निवडा, मूळ सोयी जवळजवळ सारख्या, फरक जादा हप्त्यात. न कमावणारी बायको आणि मुलगी तुमच्याच हप्त्यात विनामूल्य धरली जातात, फक्त कौटुंबिक विम्याचा फॉर्म भरायचा. मात्र हा विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. दहा दिवस आधी उतरलात तर त्या दहा दिवसांचा "इनकमिंग" (नव्याने येणाऱ्यांसाठीचा) आरोग्यविमा वेगळा घ्या. साधा प्रवासविमा घेऊन गेलात तर व्हिसाच्या अर्जातच प्रश्न विचारतात.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं, पत्र येईल. घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. लोकांना ते फसवणुकीचं वाटतं आणि कचऱ्यात जातं. मग राहायला आल्याच्या महिन्यापासूनची थकबाकी दंडासह येते. घरात आधीच कोणी भरत असेल तर त्याचा खातेक्रमांक कळवून सुटका होते.

---

दूरदेशी

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार. अपोस्टिलचा एजंट रद्द.

एक शंका. एका जाहिरातीत ७५ चौरस मीटरचं घर, तीन खोल्या, मिट्टे या मध्यवर्ती भागात, सगळं धरून ७८० युरो. मालकीण म्हणते ती सध्या परदेशी आहे, अनामत भरली की किल्ली कुरिअरने येईल, पसंत नसेल तर पैसे परत. तिने पासपोर्टची प्रतही पाठवली आहे. काय वाटतं?

---

कागदोपत्री

पाठवलेला पासपोर्ट आधी फसलेल्या कोणाचा तरी आहे, एवढंच वाटतं. तुमची प्रत पाठवली असेल तर पुढच्या माणसाला तुमची जाईल. एक पैसा देऊ नका. घर स्वतः, किंवा ओळखीच्या माणसाने, आत शिरून बघितल्याशिवाय पैसे नाहीत. याला अपवाद फक्त त्या साइटचा, जी तुम्ही राहायला गेल्यानंतरच पैसे मालकाकडे सोडते, आणि तेही तिच्याच संकेतस्थळावरून भरायचे. मालकाने पाठवलेल्या "तसल्याच" दुव्यावरून नाही.

---

भिंतीवरची_पाल

घराच्या जाहिराती वाचायला शिका, निम्मी फसगत तिथेच टळते.

"दोन खोल्या" म्हणजे एक झोपायची आणि एक बसायची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. म्हणजे आपला वन बीएचके. काल्टमिटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्ममिटे म्हणजे त्यात जिन्याची सफाई, कचरा, पाणी आणि बहुधा हीटिंग. वीज आणि इंटरनेट दोन्हींच्या बाहेर. जाहिरातीत "गासएटागनहाइत्सुंग" असा शब्द असेल तर फ्लॅटमध्ये स्वतंत्र गॅसचा बॉयलर आहे आणि हीटिंगचं बिलही तुमचंच. वार्ममिटेतली खर्चाची रक्कम हा आगाऊ अंदाज असतो. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि कडक थंडीनंतर काहीशे युरो वर भरायला लागू शकतात. ते बाजूला ठेवा.

आता स्वयंपाकघर. विनाफर्निचर घर म्हणजे खरोखर विनाफर्निचर. जाहिरातीत ई-बी-के (बसवलेलं स्वयंपाकघर) ही तीन अक्षरं नसतील तर स्वयंपाकघरात भिंतीतून आलेला नळाचा पाइप आणि शेगडीसाठीची जाड वायर, एवढंच सापडेल. ना सिंक, ना ओटा, ना कपाट. छतातून तीन वायरी लोंबत असतात, दिवा तुमचा. जाणारा भाडेकरू कधी स्वतःचा ओटा विकायला काढतो. वस्तूच्या आजच्या किमतीच्या आसपास मागत असेल तर घ्या. जुन्या फर्निचरचे चार हजार मागत असेल तर ती घर देण्यासाठीची पगडी आहे, आणि कायद्याने किमतीच्या मानाने अवाच्या सवा पैसे उकळता येत नाहीत.

अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमिटे, आणि ती तीन समान हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे: पहिला घर ताब्यात घेताना, उरलेले पुढच्या दोन भाड्यांसोबत. मालक हे स्वतःहून सांगत नाही.

किल्ली घेताना युबरगाबे-प्रोटोकोल, म्हणजे ताबा घेतल्याचा तपशील, लिहून घ्या. लाकडी फरशीवरचा प्रत्येक ओरखडा, खिडकीची न लागणारी कडी, किल्ल्या किती, वीज आणि गॅस मीटरचे आकडे. फोटोत आकड्यासोबत मीटरचा क्रमांकही आला पाहिजे, तळघरात वीस मीटर एका रांगेत असतात आणि शेजाऱ्याचं बिल भरण्याचे प्रकार घडतात. विजेचा करार स्वतः केला नाहीत तरी दिवे लागतात, कारण तुम्ही मूळ पुरवठादाराच्या ग्रुंडफरझॉर्गुंगमध्ये (आपोआप लागू होणाऱ्या मूलभूत पुरवठ्यात) जाता. तो दर बहुधा चढा. दोन आठवड्यांच्या सूचनेने बाहेर पडता येतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात दुसरा करार बघा.

सोडतानाचा नियम आत्ताच लक्षात ठेवा. साध्या बेमुदत करारात तीन महिन्यांची सूचना, त्या महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडायला हवी, आणि कागदावर शाईची सही हवी. ईमेलने दिलेली सूचना म्हणजे दिलीच नाही असं धरतात. चौथ्या दिवशी पोचली तर एक महिन्याचं भाडं वाढतं.

आणि बुरशी. हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडते आणि खोलीतली वाफ कोपऱ्यात जमते. त्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची आणि घट्ट लावायच्या. आपला स्वयंपाक उकळण्या-शिजवण्याचा, वाफ जास्त, म्हणून हे जरा जास्तच लागू. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं सोडा. काळे डाग पडले की अनामतीतून कापायला मालकाला निमित्त मिळतं.

हाफ्टफ्लिश्ट नावाचा दायित्व विमा वर्षाला ५० ते ८० युरोंत कुटुंबासकट मिळतो. घेताना "भाड्याच्या घराच्या हरवलेल्या किल्ल्या" त्यात आहेत का ते वाचा. इमारतीच्या सामाईक दाराची किल्ली हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो.

---

खडूफळा

मुलीचं. बर्लिनमध्ये बालवाडीला, म्हणजे किटाला, फी नाही. जेवणाचे महिन्याला २३ युरो द्यावे लागतात, काही ठिकाणी जादा उपक्रमांचे थोडे वेगळे. पण जागा मिळायला किटा-गुटशाइन हवं, ते तुमच्या जिल्ह्याच्या युगंडआम्टकडून (बाल-युवक कार्यालयाकडून) मिळतं. अर्ज सुरुवातीच्या तारखेच्या नऊ ते दोन महिने आधी करायचा असतो. नव्याने आलेल्यांनी पत्ता नोंदला की लगेच करावा. गुटशाइन म्हणजे जागा नव्हे, तो फक्त पैसे सरकार देईल याचा कागद. जागा तुम्हीच किटा-किटाला ईमेल करून शोधायची. ईमेलमध्ये मुलीची जन्मतारीख, कधीपासून हवी आणि घर किती जवळ, एवढ्या तीन गोष्टी पहिल्या दोन ओळींत लिहा.

गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे, २०२० पासून कायदाच आहे. दोन मात्रा दिसल्याशिवाय किटा मुलीला आत घेऊ शकत नाही. लसीकरणाचं पुस्तक मूळ न्या. हाताने लिहिलेल्या तारखा वाचता येत नसतील तर इथल्या डॉक्टरांकडून छापील इंग्रजी पत्र घ्या, त्यात लसीचं नाव आणि तारीख स्वच्छ. तिथला बालरोगतज्ज्ञ मग ते लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून देतो.

चार वर्षं म्हणजे शाळाही जवळच आली. ज्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षी शाळा सक्तीची. शाळा पत्त्यावरून ठरते. दुसरं घर शोधताना त्या परिसरातली शाळा आधी बघा, नंतर बदलणं कटकटीचं.

मुलगी राहायला आली की किंडरगेल्डचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज करा, २०२६ मध्ये महिन्याला २५९ युरो. मागचे फक्त सहा महिने मिळतात, त्यामुळे "नंतर बघू" म्हणाल तर तेवढे पैसे बुडाले. तिचा करक्रमांक लागतो, म्हणजे पुन्हा तीच पत्रपेटी.

---

दूरदेशी

सगळ्यांचं लिहून घेतोय. शेवटचं विचारतो: प्रोबेशनमध्ये नोकरी गेली तर लगेच परत यावं लागतं का? घरचे हेच विचारतायत.

---

चौकसबाई

लगेच नाही. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या सूचनेने दोन्ही बाजूंनी करार मोडता येतो, कारण द्यावं लागत नाही. पण ती सूचनाही कागदावर, सहीसकट हवी. मीटिंगमध्ये तोंडी सांगितलं तर ती सूचना नव्हे. समोर कागद ठेवून "दोघांच्या संमतीने करार संपवू" म्हणाले तर तिथल्या तिथे सही करू नका, घरी न्या. स्वतःच्या सहीने सोडली असं झालं तर बेकारी भत्ता काही काळ अडवला जातो. भत्त्यासाठी गेल्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला असावा लागतो. पहिल्या वर्षात गेली तर तो मिळणारच नाही असं धरून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्सआगेन्टुरला (सरकारी रोजगार कार्यालयाला) कळवा, ऑनलाइन होतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही, म्हणजे लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंगला, लेखी कळवा. ब्लू कार्डला दोन वर्षं झाली नसतील तर दुसरी नोकरी शोधायला साधारण तीन महिने, झाली असतील तर सहा. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलताना त्यांना आधी कळवावं लागतं, आणि ते ३० दिवस बदल रोखून धरून तपासू शकतात. नवा करार पगाराच्या मर्यादेत बसतो ना ते बघूनच सही करा.

कार्ड वेळेत नूतन झालं नाही तर मधल्या काळासाठी घडीचा एक कागद देतात, फिक्त्सिऑन्स-बेशाइनिगुंग. त्यात निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमासमोर फुली असेल तरच त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमासमोर असेल तर तिकीट काढू नका.

आजारपणाचंही एक. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत आजारी पडलात तर पगार कंपनी देत नाही, क्रांकनकासे देते आणि तो पूर्ण नसतो. त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत कंपनी. डॉक्टरचा दाखला कायद्याने तीन दिवसांहून जास्त आजारपणाला लागतो, पण बऱ्याच करारांत पहिल्याच दिवसापासून मागितलेला असतो. करारातलं ते कलम आत्ताच वाचून ठेवा.

---

पै_पैचा_हिशेब

आणि मुक्काम वाढला तर: ब्लू कार्डवर २७ महिने पेन्शनचे हप्ते भरून ए-वन जर्मन आलं की कायमचा परवाना मागता येतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांतच. सहा महिन्यांच्या फरकासाठी का होईना, ऑफिसमध्ये सगळे इंग्रजी बोलतात म्हणून जर्मनचा वर्ग सोडू नका. विमानाचं तिकीट, सामान पाठवल्याची पावती, घर शोधण्याचा प्रवास, सगळ्या पावत्या एका पाकिटात. नोकरीसाठी केलेलं स्थलांतर करातून वजा होतं.

---

आळशी_मुंगी

अपोस्टिलबद्दलचं माझं वरचं वाक्य कृपया कोणी अमलात आणू नका. आणि @दूरदेशी, विमानतळ भाड्याच्या सी-झोनमध्ये आहे, तिकीट ए-बी-सी घ्या. कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या पेटीत छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, ६० युरो दंड.